दुबईची वेळ, मस्कतची वेळ आणि रावेरचं पॅकहाऊस: यूटीसी+४ चा पक्का हिशेब

प्रश्न असा आहे: "रावेर तालुक्यात आमचं छोटं केळी पॅकहाऊस आहे. दुबई आणि मस्कतचे खरेदीदार जुने आहेत, आता रियाधचा एक जोडला जातोय. कुणी 'गल्फ टाइम' म्हणतं, कुणी जीएसटी (गल्फ स्टँडर्ड टाइम) लिहितं, मोबाइलवरची मीटिंग कधी तासभर पुढेमागे दिसते. दुबईच्या वेळेत नेमके कोणते देश येतात आणि हिशेब कसा ठेवायचा? शिवाय भाचा मस्कतला कामाला चाललाय, त्याच्या तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या?"

भाऊ, आधी थेट उत्तर देतो. दुबई आणि मस्कत दोन्हींची वेळ यूटीसी+४ आहे, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या (यूटीसी, ग्रीनिचची वेळ) चार तास पुढे; आपली +५:३०. आपल्या घड्याळातून दीड तास वजा केला की त्यांची वेळ मिळते, आणि हा फरक बाराही महिने बदलत नाही. रियाध या पट्ट्यात येत नाही. त्याची वेळ यूटीसी+३, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास मागे. 'गल्फ टाइम' हा शब्द व्यवहारातून काढूनच टाका. इराणच्या आखाताभोवती एक नाही, तीन वेगवेगळ्या प्रमाणवेळा चालतात. अमिराती आणि ओमान +४ वर आहेत. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहरीन आणि इराक +३ वर. समोरच्या किनाऱ्यावरचा इराण +३:३० वर. दुबईत दुपारचे १२ वाजलेले असताना समोरच्या बंदर अब्बासला ११:३०, रियाधला ११ आणि रावेरला १:३० झालेले असतात. खांदेशातली केळी या तिन्ही वेळांत विकली जातात, म्हणून शहराचं नाव आणि यूटीसीचा आकडा या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय वेळ पक्की झाली असं समजू नका.

तोंडी हिशेबाची सोपी रीत: +४ साठी दोन तास वजा करा आणि अर्धा तास मिळवा. इराणसाठी नुसते दोन तास वजा. +३ साठी तीन वजा करून अर्धा मिळवा. आपला अर्धा तास का येतो हे कळलं तर पुन्हा घोटाळा होत नाही. पृथ्वी तासाला १५ रेखांश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे, ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे येते. +४ चा मध्य रेखांश ६० अंश पूर्व. मधला फरक साडेबावीस अंशांचा, म्हणजे ९० मिनिटांचा. जळगाव ७५.५ अंशांच्या आसपास असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात सरासरी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं होतात. दुबई ५५.३ अंशांवर, तिथे सरासरी बारा वाजून एकोणीस मिनिटं. दिवस उगवण्या-मावळण्याचा अंदाज दोन्हीकडे बराचसा सारखा लागतो तो यामुळेच. फक्त दुबई उत्तरेला जास्त असल्यामुळे तिथला हिवाळ्यातला दिवस आपल्यापेक्षा लहान आणि उन्हाळ्यातला मोठा असतो.

आता +४ वरचे देश. संयुक्त अरब अमिरातीच्या सातही अमिराती, ओमान (होर्मुझच्या सामुद्रधुनीवरचा मुसंदमचा तुकडा धरून), हिंदी महासागरातले मॉरिशस आणि सेशेल्स, फ्रान्सच्या ताब्यातलं रियुनियन बेट, आणि कॉकेशसमधले जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान. रशियाचा एक पट्टाही यातच मोडतो: समारा, साराटोव्ह, उल्यानोव्स्क, उदमुर्तिया आणि कॅस्पियनकाठचं अस्त्राखान. मॉस्को यात नाही, ते +३ वर आहे. जुन्या कागदांत मॉस्को +४ दिसलं तर ती चूक समजू नका. २०११ ते ऑक्टोबर २०१४ या काळात मॉस्कोने खरोखरच +४ ठेवलं होतं. कतार आणि बहरीन सुद्धा १९७२ पर्यंत +४ वर होते, नंतर +३ वर गेले. जुन्या पिढीतले काही व्यापारी दोहा आणि दुबई एकाच वेळेत धरतात, ते इथून आलेलं असावं.

यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. नकाशात सरळ खाली-वर असलेली गावं एकाच वेळेत असतीलच असं नाही. सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया जवळजवळ बरोबर दुबईच्या रेखांशावर आहे, तिथे हिशेब जुळतो. पण तिबिलिसी आणि बगदाद जवळपास एकाच रेखांशावर असूनही तिबिलिसी +४ वर आणि बगदाद +३ वर आहे. तिबिलिसीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात एक वाजलेला असतो. वेळ सरकार ठरवतं, रेखांश फक्त सुचवतो. मॉरिशसची गोष्ट आपल्या माणसांसाठी वेगळी आहे. तिथे मराठी वंशाचा जुना समाज आहे, आणि त्यांच्याशी बोलायचं तर हिशेब दुबईचाच, दीड तास वजा.

घड्याळ उन्हाळ्यात पुढे करण्याची पद्धत सध्या या पट्ट्यात कुणीच पाळत नाही. आर्मेनियाने ती २०१२ मध्ये बंद केली, अझरबैजानने २०१६ मध्ये. मॉरिशसने २००८-०९ च्या उन्हाळ्यात एकदा करून पाहिली आणि सोडून दिली. इराण +४ मध्ये नसला तरी तुमच्या धंद्यात येतो म्हणून सांगतो: २०२२ पर्यंत इराण उन्हाळ्यात एक तास पुढे, म्हणजे +४:३० वर जायचा. आता वर्षभर +३:३०. तुमच्या मोबाइलवर मीटिंग तासभर सरकण्याचं एक कारण इथेच सापडतं. वेळेचे नियम फोनच्या आणि संगणकाच्या आत एका यादीत साठवलेले असतात, आणि जुन्या, अपडेट न झालेल्या फोनमध्ये ती यादीही जुनीच राहते. असा फोन उन्हाळ्यात तेहरान किंवा बाकूची वेळ एक तास पुढची दाखवतो. दुबई-मस्कतच्या बाबतीत हे होत नाही, कारण तिथला नियम बदललेलाच नाही. दुबईची मीटिंग सरकत असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

तो बहुतेक वेळा विंडोजच्या यादीत सापडतो. तिथे तीन नावं एकमेकांसारखी आहेत. 'अरब स्टँडर्ड टाइम' म्हणजे कुवेत-रियाध, +३. 'अरबिक स्टँडर्ड टाइम' म्हणजे बगदाद, तेही +३. 'अरेबियन स्टँडर्ड टाइम' म्हणजे अबू धाबी-मस्कत, +४. ऑफिसातल्या मुलाने किंवा समोरच्या कारकुनाने घाईत चुकीचं 'अरब' निवडलं की निमंत्रण बरोबर एक तास चुकतं. नाव वाचू नका, शहर वाचा: 'अबू धाबी, मस्कत' असं लिहिलेली ओळ निवडायची. गूगल कॅलेंडरमध्ये 'दुबई' हे शहर निवडायचं.

संक्षेपांचं तसंच आहे. जीएसटी म्हणजे गल्फ स्टँडर्ड टाइम हे खरं, पण हाच संक्षेप दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियासाठीही चालतो आणि त्याची वेळ यूटीसी−२ आहे. एएसटी सौदीसाठी लिहितात, पण कॅनडाच्या पूर्वेकडच्या अटलांटिक वेळेलाही तोच संक्षेप आहे. आपलं आयएसटी इस्रायल आणि आयर्लंडचंही आहे. माणूस संदर्भाने समजून घेतो, पण ईमेलमधून आपोआप मीटिंग तयार करणारं सॉफ्टवेअर समजून घेत नाही. आणखी एक फसवी जागा आहे, ती तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला जरूर दाखवा: काही सर्व्हरवर 'ईटीसी/जीएमटी-४' असा पर्याय असतो. त्यातलं चिन्ह उलटं वाचायचं असतं. 'जीएमटी-४' म्हणजे तिथे यूटीसी+४. दुबई म्हणून 'जीएमटी+४' निवडलं तर तब्बल आठ तासांची चूक होते.

एक्सेलमध्ये वेळेतून १:३० वजा करताना रात्री साडेबाराची वेळ आली की खान्यात नुसते फाटकासारखे हॅश (####) दिसतात, कारण उत्तर शून्याखाली जातं. तारीख आणि वेळ एकाच खान्यात ठेवा आणि त्यातून ०.०६२५ वजा करा. दीड तास म्हणजे दिवसाचा ०.०६२५ भाग. तारीखही आपोआप एक दिवस मागे जाते, आणि ती जायलाच हवी: आपल्याकडे रात्री १२ ते दीडच्या दरम्यान दुबईत अजून आदल्या दिवसाची तारीख असते.

रोजच्या कामात दीड तासाचा अर्थ काय, ते पाहा. सकाळी ७ ला कापणीची टोळी बागेत असते तेव्हा दुबईत साडेपाच वाजलेले असतात. खरेदीदार उठलेला नसेल. किती पेट्या, कोणता ग्रेड, पेटी १३ किलोची की वेगळी, हे सकाळी विचारायला गेलात तर उत्तर येईपर्यंत साडेनऊ-दहा होतात. तोवर घड उतरवून झालेले असतात, फण्या टाकीत पडलेल्या असतात. म्हणून दुसऱ्या दिवसाच्या कापणीचा आकडा आदल्या संध्याकाळी आपल्या साडेसहापर्यंत, म्हणजे दुबईच्या पाचपर्यंत लेखी घ्यायचा. मस्कतलाही हीच वेळ लागू. रियाधचे पाच म्हणजे आपले साडेसात, त्याला तासभर जास्त मुभा. सकाळचं बोलणं ठेवायचंच असेल तर आपले साडेनऊ म्हणजे दुबईचे आठ आणि रियाधचे सात.

रमजानमध्ये अमिरातीतल्या खासगी कंपन्यांत रोजचे कामाचे तास दोनने कमी होतात. सरकारी कचेऱ्या उशिरा, साधारण ९ ला उघडतात, म्हणजे आपले साडेदहा. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मागच्या वर्षीच्या तारखा लावू नका.

तासांपेक्षा जास्त पैसे अडकतात ते आठवड्याच्या सुट्टीत. इथे अमिराती आणि ओमान एकाच वेळेत असूनही वेगळे आहेत. अमिरातीच्या केंद्र सरकारने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली. सोमवार ते गुरुवार साडेसात ते साडेतीन (आपले ९ ते ५), आणि शुक्रवारी १२ पर्यंत, म्हणजे आपले दीड. शारजाच्या सरकारी कचेऱ्या शुक्रवारीही बंद असतात, तिथे तीन दिवस सुट्टी. ओमानमध्ये मात्र शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, सौदी, कुवेत, कतार आणि बहरीनमध्येही तेच. त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्या दिवशी आपल्या बँका बंद असतात.

याचा परिणाम पाहा. गुरुवारी संध्याकाळी रावेरहून मस्कतला कागद गेले तर ते रविवारी उघडले जातील. मस्कतच्या बँकेने रविवारी काम केलं तरी आपल्याकडची बँक सोमवारी हात लावणार. मस्कतसोबत बँकेचे सामाईक दिवस फक्त सोमवार ते गुरुवार, चार. दुबईच्या सरकारी कचेऱ्यांसोबत चार पूर्ण आणि शुक्रवारचा अर्धा. केळी नाशवंत आहेत, जहाज न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात काही दिवसांतच पोहोचतं. कागद मागे राहिले तर थंड कंटेनर विजेच्या प्लगवर उभा राहतो आणि भाडं चढतं. म्हणून मस्कतच्या मालाचे कागद बुधवारपर्यंत पोहोचतील अशी कापणी आखावी, असं माझं ठाम मत आहे.

रियाधच्या माणसाबद्दल एक वेगळी सूचना. माल जेबेल अलीला उतरवून ट्रकने सौदीला न्यायचा ठरला तर गाडी अमिरातीच्या घुवैफात नाक्यावरून सौदीच्या बथा नाक्यात शिरते. तिथे घड्याळ एक तास मागे जातं. ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर 'निघाला ११:४०, पोहोचला ११:१०' असं दिसलं तर कागद खोटा आहे असं धरू नका. आधी वेळ कोणत्या बाजूची ते विचारा.

आता सर्वांत महत्त्वाची जागा: कंटेनरमधला तापमानाचा लॉगर, म्हणजे तापमान वेळेसह नोंदवणारं छोटं यंत्र. माल काळा पडला किंवा आधीच पिकून आला की भांडण या नोंदीवर होतं, आणि वेळेचा पट्टा चुकीचा धरल्यामुळे दोष भलत्याच्या माथी बसतो. केळी साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला जातात. समजा पोहोचण्याच्या दिवशीच्या नोंदीत पहाटे ५:१० ते ६:२० या वेळात तापमान १९ अंशांवर गेलेलं दिसतं. ती वेळ दुबईची धरली तर पहाटे कंटेनर बंदरात किंवा ट्रकवर होता, म्हणजे दोष वाहतुकीचा. पण लॉगर यूटीसीवर चालत असेल तर तीच वेळ दुबईची ९:१० ते १०:२० होते, आणि तेव्हा खरेदीदाराच्या गोदामात दार उघडून पेट्या उतरवत असतील. आपल्या घड्याळात ती १०:४० ते ११:५०. एकाच आलेखाचे दोन अर्थ, आणि लाखांचा दावा त्यावर ठरतो.

लॉगरच्या पीडीएफ अहवालात वरच्या भागात वेळेचा पट्टा छापलेला असतो, तो आधी वाचा. काही कंपन्यांचे लॉगर कारखान्यातून यूटीसीवर येतात, काही विकणाऱ्याने चीनच्या +८ वर सोडलेले असतात. माल भरण्याआधी संगणकाला जोडून पट्टा तपासा आणि सगळे लॉगर एकाच पट्ट्यावर ठेवा. यूटीसी ठेवलेलं बरं, कारण बहुतेक रीफर (थंड) कंटेनरच्या स्वतःच्या यंत्राची नोंदही यूटीसीत असते आणि दोन्ही थेट ताडून पाहता येतात. लॉगर सुरू करताना तो आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. पॅकिंग लिस्टवर लॉगरचा नंबर आणि सुरू केल्याची वेळ "सकाळी ७:३० (+०५:३०) = २:०० यूटीसी" अशी लिहा. खरेदीदाराने दावा पाठवला तर पहिली नोंद या वेळेशी जुळते का ते पाहा. साडेपाच तासांचा फरक दिसला तर पट्टा यूटीसी आहे, दीड तासाचा दिसला तर दुबई, अडीच तास पुढे दिसला तर चीन. एवढं झाल्याशिवाय चूक कबूल करू नका आणि दुसऱ्यावर टाकूही नका.

जहाजाच्या वेळांबद्दल थोडक्यात: निघण्याची वेळ निघण्याच्या बंदराची, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या बंदराची. न्हावा शेवाचा गेट कट-ऑफ (कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) भारतीय वेळेत, जेबेल अलीचा आगमनाचा अंदाज +४ मध्ये.

बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) तारीख माल जिथे चढला तिथली. एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) शिपमेंटची शेवटची तारीख ३१ असेल आणि माल न्हावा शेवाला रात्री १२:४० ला चढला, तर बिलावर १ तारीख येईल. त्या क्षणी दुबईत ३१ तारखेचे रात्रीचे ११:१० वाजलेले असतात, पण त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. एलसीची मुदत कोणत्या ठिकाणी संपते हेही वाचा. ठिकाण दुबई असेल तर कागद त्या दिवशी दुबईच्या बँकेच्या वेळेत तिथे पोहोचायला हवेत. ठिकाण भारत लिहून घेता आलं तर जरूर घ्या.

खरेदीदाराचा हिशेब लंडन किंवा रॉटरडॅमच्या कचेरीतून होत असेल तर एक भर. दुबईचं घड्याळ हलत नाही, पण युरोपचं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं. तिघांची ठरलेली मीटिंग त्या आठवड्यात सरकली तर दुबईची सेटिंग बदलू नका. मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेवर बांधली आहे ते पाहा आणि ती दुबईवर बांधून घ्या.

आता भाच्याचं तिकीट. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची असते. समजा मुंबई १५ तारीख ००:४५, मस्कत ०२:००. वजाबाकीने सव्वा तास दिसतो, पण प्रवास सव्वा अधिक दीड, म्हणजे पावणेतीन तासांचा आहे. येताना उलटं: मस्कत २२:५०, मुंबई दुसऱ्या दिवशी ०२:५०. चार तास दिसतात, खरे अडीच.

खरा धोका ००:४५ मध्ये आहे. ही १५ तारखेची रात्र नाही, १४ तारीख संपतानाची मध्यरात्र आहे. तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं तर १४ ला रात्री पावणेदहाला. म्हणजे भुसावळहून १४ तारखेच्या सकाळची गाडी धरायला हवी. १५ ला निघालेला मुलगा पोहोचतो तेव्हा विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. त्याला तिकिटाच्या फोटोखाली "१४ तारखेला सकाळी घरातून निघायचं" असं मराठीत लिहून पाठवा. मस्कतला उतरल्यावर फोनने स्वतःहून वेळ बदलली नाही तर सेटिंगमध्ये 'मस्कत' निवडायला सांगा, घड्याळाचे काटे हाताने मागे करायला सांगू नका. हाताने बदललं की पट्टा भारताचाच राहतो, आणि मग कामावरची पाळी, अलार्म, घरच्या फोनची वेळ सगळंच दीड तासाने चुकत जातं. घरी फोन करायला रोज त्याचे रात्रीचे आठ, तुमचे साडेनऊ, ही वेळ ठेवली तर दोघांनाही जमेल.